कौलांवर दगड कशाला ठेवतात? मात्सू बेटांवरच्या छिनबी गावात जाण्याआधी वाचा

तैवानच्या कीलुंग बंदरातून रात्री निघालेलं जहाज सकाळी मात्सू बेटांपैकी नानगानला पोहोचतं. तिथून छोट्या बोटीनं बेइगान बेट. तिथल्या डोंगरउतारावर ग्रॅनाइटच्या घरांचं छिनबी गाव आहे.

इथल्या कौलांवर ओळीनं दगड दिसतात. कौलं पक्की बसवलेली नाहीत, नुसती रचलेली. वारा छपरावरून जोरात गेला की वरचा दाब कमी होतो आणि छप्पर उचललं जातं. सुट्या कौलांच्या फटींतून आतली हवा निसटते, दाबातला फरक कमी होतो. उरलेलं काम दगडाचं वजन करतं. आपल्याकडे पत्र्यावर दगड ठेवतात, साधारण तोच हिशेब! खिडक्या मात्र लहान आणि उंचावर. कारण वारा आणि समुद्री चाचे.

चाचे गेले, मग लष्कर आलं. चीनचा किनारा जवळच, त्यामुळे १९५६ ते १९९२ इथे लष्करी प्रशासन होतं. मासेमारी घटली, लोक तैवानच्या मुख्य बेटावर गेले, घरं ओस पडली. त्यातल्याच काही घरांत आता पर्यटकांना मुक्काम करता येतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि मात्सूचं इंटरनेट कित्येक आठवडे रखडलं होतं. त्यामुळे नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.