शेवाळ खाणारा शांत पाहुणा



गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे जर्मनीत वाल्डॉर्फला राहून आलो. हायडेलबर्गच्या दक्षिणेला हे लहानसं गाव. सॅप या संगणक कंपनीचं मुख्यालय इथेच. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर लांब. तरी मुलीच्या दिवाणखान्यात समुद्र होता! बारा वर्षांच्या नातवाने 250 लिटरच्या काचेच्या टाकीत खारं पाणी, जिवंत प्रवाळ आणि दोन नारिंगी विदूषक मासे ठेवले होते.

पण पावसाळ्यात अलिबागकडे विहिरीच्या कठड्यावर माजतं तसं शेवाळ खडकांवर माजलं होतं. प्रवाळ झाकले जात होते. नातू रडवेला झाला. म्हणाला, "आजोबा, शेवाळ खाणारा मासा आणू या. पण भांडकुदळ नको." पूर्वी आणलेल्या एका माशाने त्याचा तिसरा विदूषक मारून टाकला होता. ते दुःख अजून ताजं होतं.

मुलांनो, आम्ही तीन माशांचा विचार केला.

पहिला, पिवळा सर्जन मासा. शेपटीपाशी चाकूसारखा काटा, म्हणून हे नाव. जर्मन लोक त्याला डॉक्टरफिश म्हणतात. दिसायला सोन्याचा! पण वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, दिवसभर पोहतो आणि आपल्या हद्दीसाठी भांडतो. आमच्या टाकीत त्याची कोंडीच झाली असती.

दुसरा, रॅबिटफिश. तोंड सशासारखं, स्वभाव बहुधा गरीब. याचेच भाऊबंद 1869 साली सुएझ कालवा उघडल्यावर तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्रात शिरले आणि तिथले खडक चरून बोडके करू लागले. शेवाळ खाण्यात पटाईत, पण पाठीवरचे काटे विषारी. नातू टाकीत हात घालतो, म्हणून हाही नको.

तिसरा, ब्लेनी. शास्त्रीय नाव सालारियास फासियाटस. तांबड्या समुद्रापासून सामोआपर्यंत सापडतो. लांबी फार तर चौदा सेंटिमीटर. आपल्या खाडीतल्या निवटीसारखे वर आलेले डोळे, जाड ओठ आणि कंगव्यासारखे बारीक दात. खडकावर बसून दिवसभर शेवाळ खरवडतो, म्हणून इंग्रजीत त्याला गवत कापायच्या यंत्राचं नाव दिलंय. विदूषक माशांच्या वाटेला सहसा जात नाही.

आमच्या मंडळींनी लगेच विचारलं, "त्याला खवले आहेत का?"

मी म्हटलं, "नाहीत."

"मग आपल्या ताटात काही यायचा नाही. बिचारा सुखाने जगेल!"

पण मासा आणला की काम झालं, असं नाही. शेवाळ वाढतं ते जास्तीचं खाणं, नळाच्या पाण्यातले क्षार आणि फार वेळ लावलेला दिवा यांमुळे. नातू दिवसातून चार वेळा खाणं टाकायचा! आधी ते कमी केलं, दिवा आठ तासांवर आणला, गाळलेलं शुद्ध पाणी वापरायला लागलो. मासा म्हणजे झाडूवाला. कचरा टाकणारा हात आपलाच असतो.

मग दुकानात गेलो. जर्मनीत सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय मासासुद्धा विकत नाहीत, म्हणून मुलगी बरोबर आली. दुकानदाराला सांगितलं, "आमच्यासमोर त्याला खायला घाला." मासा कोपऱ्यात बसून राहिला, पोट आत गेलेलं. नातू म्हणाला, "घेऊ या ना, आजोबा!" मी नको म्हटलं. घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा मासा आला होता. पोट गोल, काच खरवडत बसलेला. तोच घेतला.

एकच घेतला, कारण दोन ब्लेनी एकमेकांशी भांडतात. टाकीवर जाळीही बसवली, नाही तर उडी मारून बाहेर पडायचा. आणि मुख्य गोष्ट: शेवाळ संपलं की हा मासा उपाशी मरू शकतो. म्हणून नातू आता सुक्या समुद्री शेवाळाचा तुकडा काचेला चिमट्याने लावतो.

बाळांनो, मालवणला किंवा एलातला गेलात तर प्रवाळ डोळ्यांनीच बघा, उचलून आणू नका. भारतात तो कायद्याने गुन्हा आहे.

परवा नातवाचा फोन आला. "आजोबा, खडक दिसायला लागले! आणि त्याचं पोट अजून गोल आहे." मी म्हटलं, बेसेदेर!