मतपत्रिकेवरील स्थानाचा प्रश्न आणि रिचर्ड विंगर यांचे निवडणूक सुधारणाविषयक कार्य

प्रस्तावना

निवडणूक सुधारणांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः मताधिकार, निवडणूक खर्च आणि मतमोजणी या बाबींवर केंद्रित झालेले दिसते. या सर्वांच्या आधी येणारा एक प्रश्न मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. मतदारापुढे ठेवल्या जाणाऱ्या नावांची यादी कोण आणि कोणत्या निकषांवर ठरवतो, हा तो प्रश्न होय. मताधिकार पूर्णपणे अबाधित असूनही आपल्या पसंतीच्या उमेदवाराचे नाव मतपत्रिकेवर येऊच शकले नाही, तर मतदाराच्या हाती उरलेली निवड अपुरीच ठरते. अमेरिकेत हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे वादाचा विषय राहिला आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील रिचर्ड विंगर यांनी आपले दीर्घ सार्वजनिक आयुष्य या एकाच प्रश्नाच्या अभ्यासाला आणि प्रचाराला वाहिले. त्यांच्या कार्याच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेत शासन मतपत्रिका छापत नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी स्वतः छापून मतदारांना वाटत असे आणि मतदार ती पेटीत टाकत असे. या पद्धतीत गुप्तता नव्हती. दडपण आणि लाचलुचपत यांना मोकळे रान होते. तथापि, नव्या पक्षाला कोणाचीही परवानगी घ्यावी लागत नव्हती. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे अब्राहम लिंकन १८६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, ते याच काळात.

१८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी शासनाने छापलेली गुप्त मतपत्रिका स्वीकारली. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ती पद्धत कायद्याने लागू केली आणि पुढील काही वर्षांत बहुतेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. गुप्त मतदानाच्या दृष्टीने ही सुधारणा मोलाची होती, यात शंका नाही. परंतु शासन मतपत्रिका छापू लागताच तीवर कोणाची नावे छापावयाची, हे ठरविण्याचा अधिकारही शासनाकडे आला. शासन म्हणजे व्यवहारात राज्यांची विधिमंडळे, आणि विधिमंडळे म्हणजे दोन प्रस्थापित पक्षांचे सदस्य. ज्यांना स्पर्धेची झळ लागणार, त्यांच्याच हाती स्पर्धेच्या प्रवेशद्वाराची किल्ली सोपविली गेली.

प्रारंभी या अटी सौम्य होत्या. १९२४ मध्ये एखाद्या नव्या पक्षाला तत्कालीन सर्व ४८ राज्यांत मतपत्रिकेवर येण्यासाठी एकूण सुमारे ५०,००० स्वाक्षऱ्या पुरेशा होत्या, याकडे विंगर यांनी लक्ष वेधले आहे. त्यानंतरच्या दशकांत अनेक राज्यांनी स्वाक्षऱ्यांची संख्या वाढविली आणि त्या सादर करण्याची मुदत अलीकडे आणली. जॉर्जिया राज्याने १९४३ मध्ये ५ टक्के स्वाक्षऱ्यांची अट घातली. या राज्यात प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी छोट्या पक्षाच्या उमेदवाराला त्या मतदारसंघातील नोंदणीकृत मतदारांपैकी ५ टक्क्यांच्या स्वाक्षऱ्या मिळवाव्या लागतात. ही अट पूर्ण करून कोणत्याही छोट्या पक्षाचा उमेदवार तेथील प्रतिनिधिगृहाच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर येऊ शकलेला नाही.

न्यायालयांची भूमिका

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या अनुच्छेदानुसार संसदीय निवडणुकांची वेळ, स्थळ व पद्धत राज्यांनी ठरवावयाची असते. त्यात बदल करण्याचा अधिकार संसदेला आहे. मतपत्रिकेवरील प्रवेशाबाबत संसदेने मात्र हा अधिकार वापरलेला नाही. १९८५ मध्ये जॉन कॉनयर्स यांनी आणि पुढे रॉन पॉल यांनी या विषयावर विधेयके मांडली, पण ती संमत झाली नाहीत. परिणामी छोट्या पक्षांना न्यायालयाकडेच धाव घ्यावी लागली.

पहिला महत्त्वाचा निर्णय १९६८ चा होय. ओहायो राज्यात नव्या पक्षाला मागील गव्हर्नरपदाच्या निवडणुकीतील मतांच्या १५ टक्के, म्हणजे ४,३३,१०० स्वाक्षऱ्या फेब्रुवारीच्या प्रारंभी सादर कराव्या लागत. जॉर्ज वॉलेस यांच्या समर्थकांनी साडेचार लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या जमविल्या. परंतु तोवर मुदत उलटून गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ओहायोची व्यवस्था घटनाबाह्य ठरविली. याच खटल्यात न्यायमूर्ती हार्लन यांनी स्वतंत्र मतात एक व्यावहारिक निकष मांडला. मतपत्रिकेवर आठ उमेदवार असल्याने मतदारांचा मोठा गोंधळ होईल असे अनुभवाच्या आधारे म्हणता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९७१ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने जॉर्जियाची ५ टक्क्यांची अट एकमताने वैध ठरविली. ती अट पूर्ण करून १९६६ मध्ये गव्हर्नरपदाचा आणि १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार मतपत्रिकेवर आले होते, या गोष्टीला न्यायालयाने महत्त्व दिले. त्यांपैकी पहिले रिपब्लिकन पक्षाचे होते आणि दुसरे म्हणजे वॉलेस, ही वस्तुस्थिती लक्षात घेतली म्हणजे ती अट खऱ्या अर्थाने छोट्या पक्षांना कितपत पेलणारी होती, याविषयी शंका येते. १९८३ मध्ये जॉन अँडरसन यांच्या खटल्यात न्यायालयाने ओहायोची मार्चमधील मुदत पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली आणि नागरिकांच्या हक्कांवर पडणारा भार व राज्याचे हितसंबंध यांचा तोल पाहण्याची कसोटी घालून दिली.

यानंतर १९८६ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या खटल्यात आलेल्या निर्णयाने चित्र पुन्हा बदलले. मतपत्रिकेवर गर्दी झाल्याने मतदारांचा प्रत्यक्षात गोंधळ झाला, असा पुरावा राज्याने देण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. संभाव्य गोंधळाची शक्यता दाखविणे राज्याला पुरेसे ठरले. ती शक्यता निराधार आहे हे दाखविण्याचा भार छोट्या पक्षांवर पडला. विंगर यांच्या कार्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

विंगर यांची कार्यपद्धती

१९८५ पासून विंगर यांनी 'बॅलट ॲक्सेस न्यूज' हे छोटेखानी मासिक वार्तापत्र चालविले. त्यात भडक लेख वा आवेशपूर्ण आवाहने क्वचितच असत. कोणत्या राज्यात किती स्वाक्षऱ्या लागतात, त्या कोणत्या तारखेपर्यंत द्यावयाच्या, कोणत्या पक्षाने आतापर्यंत किती जमविल्या, कोणते विधेयक कोणत्या समितीपुढे आहे, कोणत्या खटल्यात काय निकाल लागला, याचे तक्ते आणि टिपणे त्यात नियमाने प्रसिद्ध होत. पन्नास राज्ये आणि राजधानीचा जिल्हा यांचे वेगवेगळे आणि वारंवार बदलणारे नियम एकत्रित स्वरूपात अन्यत्र सहजी उपलब्ध नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या नोंदवहीचे मोल कळते.

विंगर स्वतः लिबर्टेरियन पक्षाशी संबंधित होते. तथापि समाजवादी, ग्रीन, कॉन्स्टिट्यूशन अशा परस्परविरोधी विचारांच्या पक्षांना आणि अपक्षांनाही त्यांच्या माहितीचा सारखाच उपयोग झाला. अनेक खटल्यांत त्यांनी तज्ज्ञ साक्षीदार म्हणून साक्ष दिली.

त्यांच्या साक्षीचा गाभा एका साध्या ऐतिहासिक निरीक्षणात आहे. राज्यव्यापी पदासाठी सुमारे ५,००० स्वाक्षऱ्यांची अट असली, तरी त्या पदासाठी आठांहून अधिक नावे मतपत्रिकेवर येण्याचे प्रसंग अत्यंत विरळ असतात, असे जुन्या निवडणुकांच्या नोंदींवरून ते दाखवीत. हार्लन यांनी अनुभवाच्या आधारे जे म्हटले होते, त्याला विंगर यांनी आकड्यांचे पाठबळ दिले. मतपत्रिका सुटसुटीत ठेवणे एवढाच हेतू असेल, तर लाखभर स्वाक्षऱ्यांची अट अनावश्यक ठरते. आणि ती तरीही कायम ठेवली जात असेल, तर तिचा हेतू वेगळा असावा, हा या निरीक्षणातून निघणारा तर्क होय.

या भूमिकेत काहीच अट नसावी असे मानलेले नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील गव्हर्नरच्या प्रत्यावाहन निवडणुकीत केवळ ६५ स्वाक्षऱ्या आणि ३,५०० डॉलर शुल्क एवढ्यावर उमेदवारी मिळत होती. तेव्हा मतपत्रिकेवर १३५ नावे आली. अगदी नाममात्र अट अपुरी ठरते, हे यावरून दिसते. वाद आहे तो अटीच्या प्रमाणाविषयी.

यशापयश

काही राज्यांत या प्रदीर्घ प्रयत्नांना अनुकूल वळण मिळाले. ओक्लाहोमात २००४, २००८ आणि २०१२ या तिन्ही राष्ट्राध्यक्षीय निवडणुकांत मतपत्रिकेवर दोनच नावे होती. तेथे २०१५ मध्ये नव्या पक्षासाठीची अट मागील निवडणुकीतील मतांच्या ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणण्यात आली. जॉर्जियात २०१६ मध्ये एका संघराज्य न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदासाठीची अट ७,५०० स्वाक्षऱ्यांवर आणली. नॉर्थ कॅरोलिनाने २०१७ मध्ये ही अट २ टक्क्यांवरून पाव टक्क्यावर आणली.

उलट दिशेची उदाहरणेही तितकीच ठळक आहेत. पेनसिल्व्हेनियात २००४ मध्ये राल्फ नेडर यांच्या स्वाक्षऱ्यांना आव्हान देण्यात आले; उमेदवारी तर गेलीच, शिवाय पडताळणीच्या खर्चापोटी सुमारे ८१ हजार डॉलरचा भार त्यांच्यावर टाकण्यात आला. या प्रकारची व्यवस्था तेथे संघराज्य न्यायालयाने २०१५ मध्ये अमान्य केली. न्यूयॉर्कने २०२० मध्ये राज्यव्यापी पदासाठीच्या स्वतंत्र अर्जाची अट १५,००० वरून ४५,००० स्वाक्षऱ्यांवर नेली. २०२४ मध्ये त्या राज्याच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदासाठी दोनच उमेदवारांची नावे छापली गेली. जॉर्जियातील प्रतिनिधिगृहासाठीची ५ टक्क्यांची अट २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली होती. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला.

या जमाखर्चावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आकडेवारीने युक्तिवाद सिद्ध होतो, पण कायदा आपोआप बदलत नाही. तो बदलण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांना बदलाची निकड भासत नाही; आणि ज्यांना निकड भासते, ते विधिमंडळात पोहोचलेले नसतात. न्यायालय हा या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग आहे, पण तो न्यायालयाच्या बदलत्या कलावर अवलंबून राहतो.

भारतीय संदर्भ

भारतात या प्रश्नाचे रूप निराळे आहे. येथे मुख्य अडसर स्वाक्षऱ्यांचा नसून अनामत रकमेचा आहे. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर १३,९५२ उमेदवार उभे होते. त्यांत बेळगाव मतदारसंघाचे उदाहरण मराठी वाचकांना परिचित आहे. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पुढाकाराने तेथे शेकडो अर्ज भरण्यात आले आणि उमेदवारांची संख्या ४५६ वर गेली. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन लोकसभेसाठीची सर्वसाधारण अनामत ५०० रुपयांवरून १०,००० रुपये झाली आणि मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार वगळता इतरांना दहा सूचकांची अट लागू झाली. १९९८ मध्ये उमेदवारांची संख्या ४,७५० वर आली. पुढे २००९ च्या दुरुस्तीने ही अनामत २५,००० रुपये करण्यात आली. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांसाठी ती निम्मी आहे.

ही घट प्रशासनाच्या सोयीची होती, हे मान्य करावे लागेल. मात्र बेळगावातील लांबलचक मतपत्रिका हा केवळ गोंधळ नव्हता. अन्य मार्गांनी दाद न लागलेल्या मतदारांचे ते एक निवेदनच होते. तेलंगणातील निजामाबाद येथे २०१९ मध्ये हळद उत्पादक शेतकऱ्यांनी हाच मार्ग अवलंबिला आणि तेथे १८५ उमेदवार रिंगणात राहिले. शुल्क भरण्याची ऐपत नसलेल्या उमेदवाराला दुसरा पर्याय न ठेवणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये घटनाबाह्य ठरविले होते. भारतात अनामतीऐवजी मतदारांच्या पाठिंब्याचा असा पर्याय उपलब्ध नाही, ही बाब विचारार्ह आहे.

समारोप

विंगर यांच्या कार्यातून निवडणूक सुधारणेच्या अभ्यासकांना दोन गोष्टी घेता येतील. पहिली, उमेदवारीच्या अटी या तांत्रिक तपशील वाटल्या तरी सत्तास्पर्धेचे क्षेत्र त्यांनीच आखले जाते. दुसरी, अशा अटींचे समर्थन करताना गोंधळाचा जो हवाला दिला जातो, तो प्रत्यक्ष नोंदींवर तपासून पाहता येतो. राज्यशास्त्राच्या विभागांना आपल्या जिल्ह्यातील मतदारसंघांपुरती अशी नोंद सहज ठेवता येईल: किती अर्ज आले, किती बाद झाले, कोणत्या कारणाने झाले आणि किती अनामती जप्त झाल्या. एका व्यक्तीने दशकानुदशके चिकाटीने ठेवलेल्या नोंदींना न्यायालयात साक्षीचे स्थान मिळू शकले. मतदारापुढील यादी कोणी आखली, हा प्रश्न विचारण्याची सुरुवात अशाच नोंदीपासून होते.