तिथींचा मुलूख

२०२३ साली रत्नागिरी जिल्ह्यात गणपती दोनदा आले. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांतून २० ऑगस्ट रोजी पार्थिव मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली आणि आरत्यांचा घोष सुरू झाला, त्याच वेळी भिंतीपलीकडच्या घरात, जिथे दाते पंचांग किंवा कालनिर्णय प्रमाण, श्रावण महिना चालू होता आणि दुसऱ्या दिवशीच्या नागपंचमीची तयारी होत होती. त्या घरचे गणपती येण्यास १९ सप्टेंबर उजाडावा लागला. परमुलखातील मनुष्यास हा प्रकार अव्यवस्थेचा वाटेल. परंतु ज्या जिल्ह्याने तिथींचे गणित, तिथींचा निर्णय आणि तिथींचा इतिहास या तिन्ही शास्त्रांना अव्वल दर्जाचे पुरुष दिले, त्या जिल्ह्यात एका चतुर्थीवरून दोन पक्ष उभे राहतात याला फार मोठा विचार कारण आहे, आणि शुभ तिथी कोणती व अशुभ कोणती या प्रश्नाचा जो उलगडा या मातीत झाला तो अन्यत्र इतक्या स्पष्टपणे क्वचितच झाला असेल.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की त्या २० ऑगस्टला चतुर्थी होती याविषयी दोन्ही पंचांगांत लवमात्र मतभेद नव्हता. सूर्य आणि चंद्र यांच्यामधील अंतर बारा अंशांनी वाढले म्हणजे एक तिथी पुरी होते. ते अंतर मोजताना राशिचक्राचा आरंभ कोठूनही धरला तरी बाकी तीच येते. वाद आहे तो आरंभबिंदूचा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ च्या सुमारास, जे पटवर्धनी पंचांग काढले त्यात त्यांनी रेवती नक्षत्रातील एका मंद तारेपासून राशिचक्राचा आरंभ धरला. रत्नागिरीस २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेले बाळ गंगाधर टिळक हे पुढे डेक्कन कॉलेजात केरोपंतांचे विद्यार्थी झाले आणि गुरूच्या या पक्षाचा त्यांनी जन्मभर पुरस्कार केला. पंचांगैक्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुंबई, पुणे, सांगली येथे ज्योतिषसंमेलने भरली, पुष्कळ खल झाला. परंतु देशात सर्वत्र चित्रा तारेवरून आरंभबिंदू ठरविणारा पक्ष प्रबळ झाला आणि टिळकांचे नाव धारण करणारे पंचांग विशेषतः कोकणातील घरांतून टिकून राहिले. दोन्ही पक्षांत आज सुमारे चार अंशांचा फरक आहे. सूर्य दिवसाला जवळजवळ एक अंश चालतो, म्हणून टिळक पंचांगातील प्रत्येक संक्रांत इतरांच्या आधी सुमारे चार दिवस येते. मकरसंक्रांत १४ जानेवारीऐवजी १० तारखेच्या आसपास. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक मास, असा नियम असल्यामुळे संक्रांत चार दिवस अलीकडे सरकली की एखाद्या वर्षी अधिक मासच दुसऱ्या ठिकाणी जाऊन पडतो. २०२३ मध्ये इतरांचा श्रावण अधिक ठरला, टिळक पंचांगाचा ठरला नाही. तिथी एकच, महिन्याचे नाव तेवढे निराळे.

तिथीच्या स्वतःच्या गणितावरही याच जिल्ह्याने आपली मुद्रा उमटविली आहे. दापोली तालुक्यातील मुरुड येथे १८५३ साली जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. वेधशाळा वा विद्यापीठाची गादी यांपैकी काहीही हाताशी नसता त्यांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा जो ग्रंथ सिद्ध केला तो १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी हा पुरुष निवर्तला. (या मुरुडाची जंजिऱ्याजवळच्या मुरुडाशी गल्लत होऊ नये, त्या दुसऱ्या मुरुडाच्या परिसरात ते नांदगाव आहे, जेथल्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये ग्रहलाघव रचले आणि पुढे शतकानुशतके महाराष्ट्रातील जोश्यांनी त्यावरूनच पंचांगे केली.) जुन्या पंचांगकर्त्यांचा दंडक बाणवृद्धी-रसक्षयाचा, म्हणजे तिथी साठ घटिकांहून फार तर पाच घटिका वाढते आणि सहा घटिका घटते. दुर्बीण व वेध यांना पटणारे सूक्ष्म गणित केले म्हणजे ही मर्यादा सुटते आणि वृद्धी सात घटिकांपर्यंत, क्षय दहा घटिकांपर्यंत जातो. म्हणजेच तिथी सुमारे वीस तासांपासून पावणेसत्तावीस तासांपर्यंत कितीही असू शकते. हा फरक केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नव्हता. एकादशीचा उपास कोणत्या दिवशी, श्राद्धाचा पिंड कोणत्या दिवशी, हे या थोड्या घटिकांच्या फरकावर अवलंबून असे, आणि ज्याची श्रद्धा तिथीवर आहे त्याला चुकलेल्या तिथीचे दुःख खरे असते. दीक्षित स्वतः सायनवादी, म्हणजे राशिचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून धरावा या मताचे, होते. सण ऋतूंपासून ढळू नयेत ही त्यांची तळमळ, आणि विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी सायन पंचांगही काढले. ते लोकांत रुजले नाही, परंतु वसंतातला सण वसंतात राहावा हा त्यांचा आग्रह मला आजही रास्त वाटतो.

गणिताने तिथी सांगितली तरी कर्माचा दिवस ठरत नाही. तेथून धर्मशास्त्राचा अंमल सुरू होतो. संगमेश्वर तालुक्यातील गोळवली हे मूळ गाव असलेले आणि पंढरपुरास स्थायिक झालेले काशीनाथ उपाध्याय, म्हणजे बाबा पाध्ये, यांनी १७९० च्या सुमारास धर्मसिंधू पूर्ण केला, आणि महाराष्ट्रात एखाद्या सणाच्या दिवसाविषयी तंटा उपस्थित झाला की आजही अखेरचा निवाडा बहुधा त्याच ग्रंथाच्या आधारे होतो. या ग्रंथाचे मर्म ‘व्याप्ती’ या एका कल्पनेत आहे. गणेशचतुर्थी मध्याह्नव्यापिनी हवी, संकष्टी चंद्रोदयव्यापिनी, शिवरात्र मध्यरात्री असणारी, विजयादशमी अपराह्णी, लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी. ज्या देवतेचे जे कर्म, त्या कर्माच्या वेळेस जी तिथी हजर असेल तीच त्या कर्मापुरती खरी. २०२४ च्या दिवाळीत याची प्रचीती सर्वांस आली. आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. रत्नागिरीस त्या दिवशी सूर्य मावळल्यावर अमावास्या उरली ती सुमारे दहा मिनिटे, अर्धी घटिकासुद्धा नव्हे. धर्मसिंधू निःसंदेह निर्णय देतो तो सूर्यास्तानंतर घटिकेहून अधिक अमावास्या असता. म्हणून उत्तरेकडे बहुतेक ठिकाणी ३१ तारीख धरली गेली, आणि दोन्ही दिवशी प्रदोषाशी संबंध असल्यास दुसरा दिवस घ्यावा या वचनाला अनुसरून महाराष्ट्रातील प्रमुख पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. दोन्ही निर्णयांमागे शास्त्र होते. ज्यांनी त्या आठवड्यात पंचांगकर्त्यांवर अज्ञानाचा आरोप केला त्यांनी मूळ ग्रंथ उघडला असता तर बरे झाले असते.

आता शुभाशुभाकडे वळू. नंदा, भद्रा, जया, रिक्ता, पूर्णा असे तिथींचे पाच वर्ग मुहूर्तग्रंथांत केलेले आहेत; प्रतिपदा, षष्ठी, एकादशी या नंदा, आणि याच क्रमाने पुढे. यांपैकी चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या रिक्ता, म्हणजे मंगलकार्यास वर्ज्य. परंतु गणेशाचा जन्म चतुर्थीचा, रामाचा नवमीचा, शिवरात्र चतुर्दशीची आणि अनंताचे व्रतही चतुर्दशीचेच! अमावास्येस प्रवासाला निघू नये असे घरोघर वडीलधारे सांगतात, आणि त्याच अमावास्येच्या सायंकाळी वर्षातील सर्वांत मोठी लक्ष्मीची पूजा होते. सोमवारी अमावास्या आली तर जेजुरीस यात्रेकरूंची दाटी होते. या विसंगतीचे उत्तर काही जण अंधश्रद्धेच्या खाती टाकून मोकळे होतात, परंतु ते उत्तर आळसाचे आहे. मुहूर्तशास्त्राचा मूळ आशय असा, की तिथीची शुभता ही कर्माशी बद्ध आहे: विवाहाला जी नको ती उपासनेला इष्ट, शस्त्रकर्माला जी चालते ती गृहप्रवेशाला नाही. कर्म सोडून नुसत्या तिथीस शुभ किंवा अशुभ म्हणणे हे शास्त्राचे बोलणेच नव्हे.

हे तत्त्व ग्रंथांपेक्षाही ठसठशीतपणे पाहावयाचे असेल तर फाल्गुनात रत्नागिरीच्या खेड्यांतून हिंडावे. करण म्हणजे तिथीचा अर्धा भाग; या करणांपैकी विष्टी, जिला लोक भद्रा म्हणतात (द्वितीया, सप्तमी व द्वादशी यांच्या वर्गाचे नाव भद्रा, ते वेगळे), तिचा धाक मुहूर्त पाहणाऱ्यास सर्वांत अधिक. पौर्णिमेचा पूर्वार्ध नेहमीच भद्रेचा असतो, म्हणून होळी पेटविण्याची आणि राखी बांधण्याची वेळ दरवर्षी भद्रा टाळून काढावी लागते. परंतु रत्नागिरीत शिमग्याचे दोन प्रकार आहेत, एक तेरसे आणि दुसरा भद्रेचा. काही गावांचा होम फाल्गुन शुद्ध त्रयोदशीस लागतो, ते तेरसे शिमगे. काहींचा पौर्णिमेस, ते भद्रेचे. ज्या भद्रेचे नाव अन्यत्र दबकत घ्यावे, तेच नाव येथे गावाने आपल्या सर्वांत मोठ्या उत्सवास दिले आहे. फाक पंचमीपासून गावागावांत हालचाल सुरू होते. देवाला रूपे, म्हणजे मुखवटे, लागतात, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येते, मानकरी आपापल्या जागी उभे राहतात, गुरव गाऱ्हाणे घालतो, आणि मग पालखी घरोघर जाते. आपला गाव तेरशातला की भद्रेतला हे मुंबईच्या चाकरमान्यास पंचांग न पाहता ठाऊक असते, कारण त्याची रजा त्यावर ठरते. ही वाटणी कोणत्याही ग्रंथाने केलेली नाही. ती वहिवाट आहे, आणि धर्मशास्त्रही देशाचार व ग्रामाचार यांना मान देत आले आहे.

समुद्राचा तर तिथींशी आणखीच निराळा व्यवहार. अमावास्या आणि पौर्णिमा या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. ही कोकणच्या दर्यावर्दींची तिथींची विभागणी, आणि तिला नंदा-रिक्तांची गरज नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीच्या तासाचा सुमार निघतो हा कोळ्यांचा जुना हिशेब; चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या. स्थळपरत्वे त्यात मागेपुढे होते, परंतु भरती दररोज सुमारे पाऊण तास उशिरा येते हे त्यामागचे तत्त्व अचूक आहे, कारण चंद्र सूर्यापासून रोज सुमारे बारा अंश दूर जातो, आणि तेच तिथीचे माप. डोल जाळे लावणाऱ्या मच्छीमाराला पाण्याची जोरदार ओढ हवी, म्हणून जमिनीवरच्या प्रवाशाने टाळलेली अमावास्या त्याच्या जाळ्यास लाभाची.

मग विवाहाच्या मुहूर्तासाठी आज जी दीर्घ वर्ज्यसूची पुढे केली जाते ती आली कोठून? याच जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला, आणि त्यातील पाचव्या खंडात व्रते, काल व मुहूर्त यांचा क्रमवार विकास मांडला आहे. आश्वलायन गृह्यसूत्राची विवाहाविषयीची अपेक्षा अल्प आहे: उत्तरायण असावे, शुक्लपक्ष असावा, नक्षत्र कल्याणकारक असावे, आणि तेथेच असेही नमूद आहे, की काही आचार्यांच्या मते विवाह कोणत्याही काळी करावा. राम दैवज्ञाचे मुहूर्तचिंतामणी हे १६०० सालचे. तोवर दोषांची आणि त्यांच्या परिहारांची केवढी दाट झाडी माजली होती ते त्या ग्रंथावरून दिसते. ज्या वधूपित्यास दग्ध तिथीच्या भीतीने मंगल कार्यालयाची तारीख सोडून कर्ज वाढवावे लागते, त्याच्यावर ही नंतरची झाडी लादणे अन्यायाचे आहे, आणि तसे सांगण्याचे धैर्य पौरोहित्य करणाऱ्यांनी दाखविले पाहिजे. त्यास शास्त्राचा आधार आहे.

रत्नागिरीकर वाचकांस एक विनंती. आपल्या गावचा शिमगा तेरशातला की भद्रेतला, होम कोणत्या प्रहरी लागतो, पालखी कोणत्या तिथीस सहाणेवर येते, घरचा गणपती टिळक पंचांगाचा असल्यास तो रिवाज किती पिढ्यांचा, आणि भरतीचा हिशेब आपल्या बंदरात कसा करतात, हे गावातील वृद्ध मानकऱ्यांस, गुरवांस व तांडेलांस विचारून, गावाचे व वाडीचे नाव घालून, लिहून ठेवावे, आणि त्याची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात द्यावी. दीक्षितांनी व काण्यांनी पोथ्या धुंडाळून ग्रंथांतील तिथींचा इतिहास लिहिला; गावांच्या तिथींचा लिहावयाचा अजून राहिला आहे.