गोळी मनाने बंद करू नका



वडनेर भोलजीच्या आमच्या आरोग्य शिबिरात मागच्या तिमाहीत एक कोरकू मावशी आल्या. सातपुड्याच्या पायथ्याहून कापूस वेचणीसाठी आलेल्या. हृदयाची झडप बदललेली, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू. पोटदुखीसाठी एंडोस्कोपीची तारीख मिळाली होती. त्या म्हणाल्या, "सिस्टर, नळी घातल्यावर रक्त थांबणार नाही असं शेजारणीनं सांगितलं. आठ दिवस झाले, गोळी सोडली."

माझ्या छातीत धस्स झाले. कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी धरली, तर झडप अडकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन लकवा होतो. त्याच दिवशी आम्ही त्यांना हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे नेले. गुठळी झालेली नव्हती. गोळी पुन्हा सुरू झाली.

शेजारणीची भीती अगदीच खोटी नाही. रक्तस्रावाचा धोका असतो, पण तो दुर्बिणीतून काय करायचे यावर अवलंबून असतो. नुसते आत पाहणे किंवा तपासणीसाठी बारीकसा तुकडा घेणे यात धोका कमी. त्यासाठी गोळी सहसा बंद करावी लागत नाही. फक्त आधी आयएनआर ही रक्ताची तपासणी करून रक्त प्रमाणाबाहेर पातळ नाही ना, ते पाहतात. आतड्यातील मोठी गाठ काढणे किंवा अरुंद झालेली अन्ननलिका रुंद करणे यात धोका जास्त. तेव्हा डॉक्टर वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात आणि गरज पडल्यास मधल्या काळात हेपॅरिनची इंजेक्शने देतात. ॲस्पिरिनची लहान गोळी बहुधा चालूच ठेवतात.

वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले. मोजून घेतले तरच ते औषध. म्हणून गोळी कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची, हे हृदयाचे व पोटाचे डॉक्टर मिळून ठरवतात.

आपल्या मंडळीत कोणी अशी गोळी घेत असेल, तर त्यांना एवढे सांगा: गोळ्यांचे पाकीट व जुने कागद सोबत न्या. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. तपासणीनंतर डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

मावशींची एंडोस्कोपी पुढे गोळी चालू असतानाच झाली. पोटात व्रण निघाला, त्यावर उपचार चालू आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.