सांधण दरीत उतरण्यापूर्वी

थंडी ओसरू लागली की आपल्या सातारा, कऱ्हाड, सांगलीकडची मंडळी शनिवारी रात्री गाडी करून सांधण दरीला निघतात. हल्ली त्यात पन्नाशीचे गृहस्थही असतात, हे चांगलेच आहे. जाण्यापूर्वी दवाखान्यात येऊन "डॉक्टर, मला झेपेल का?" असे विचारणारे मात्र थोडे.

अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळ, रतनगडाच्या शेजारी, काळ्या कातळाला पडलेली ही अरुंद भेग. दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच कडे, तळाशी दगडधोंडे आणि पाण्याचे डोह. पुढे दोराने कातळटप्पे उतरत कोकणातील डेहणे गावाकडे जाता येते.

घळीत ऊन फारसे पोचत नाही, डोहाचे पाणी गार. त्यामुळे तहान लागत नाही. आडोसा मिळणार नाही म्हणून भगिनीवर्ग तर मुद्दामच पाणी टाळतो. घाम मात्र जातच असतो. दुपारी दरी रुंदावते, धोंडे तापतात आणि मग पायात गोळे, मळमळ, चक्कर सुरू होते. म्हणून सावलीत असतानाच अधूनमधून पाणी प्यावे. माणशी तीन-चार लिटर पाणी, त्यातले लिटरभर जलसंजीवनीचे, आणि सोबत खारे शेंगदाणे असावेत. कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत निजवून अंग भिजवावे, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

मोठा टप्पा उतरून दोर खाली ओढून घेतला की परतीची वाट बंद होते. तेव्हा निर्णय वरच घ्यावा. रात्रभर झोप नाही, अंगात कणकण आहे, चालताना छातीत दुखते, रक्तदाब आटोक्यात नाही किंवा फिट येतात, अशांनी घळीचे तोंड पाहून परतावे; तेवढेही पाहण्याजोगे आहे. मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. लघवी होण्याची गोळी घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, परस्पर बंद करू नये.

दोरावर मध्येच अडकून निश्चल लोंबकळत राहिल्यास रक्त पायांत साठून भोवळ येते. पाय हलवत राहावे. अशाला लवकर खाली घेऊन आडवे निजवावे. बसवून ठेवण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे.

पावसाळ्यात आणि वळवाचे ढग असताना जाऊच नये. अमेरिकेत ॲरिझोनातील अँटिलोप घळीत १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता कित्येक मैल दूर.

दरीत मोबाईलवर विसंबू नये. किती वाजेपर्यंत बाहेर येणार, हे साम्रदमध्ये कोणाला तरी सांगूनच उतरावे.