मुका मार आणि मूत्रपिंड

गळीत हंगाम सुरू झाला की कुठे ट्रॉली उलटते, कुठे बैल शिंग मारतो, कुठे मोळी चढवताना गडी फळीवरून घसरतो. रक्त दिसले तर सगळे धावतात. न दिसले तर "मुका मार आहे, हळद-गूळ द्या" म्हणून विषय संपतो. सभासद बंधूंनो, या मुक्या माराविषयीच आम्हांस चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. कमरेच्या वर, कुशीत वा पाठीत बसलेला मार किडनीला, म्हणजे मूत्रपिंडाला, लागलेला असू शकतो.

मूत्रपिंडे दोन. साधारण मुठीएवढी, पोटाच्या मागच्या बाजूस, कण्याच्या दोन्ही अंगांस. वरून शेवटच्या बरगड्या, भोवती चरबीची गादी. बंदोबस्त चांगला आहे, पण ट्रॉलीच्या कडेपुढे तो पुरा पडत नाही. लहान मुलांत तर चरबी थोडी, बरगड्या लवचिक, आणि शरीराच्या मानाने मूत्रपिंड मोठे. तेव्हा कोपीवरच्या लेकरांना गाडीखाली, बैलांजवळ खेळू देऊ नये. ज्याचे मूत्रपिंड खड्यामुळे आधीच फुगलेले आहे, त्याला थोडका मारही भोवतो.

लघवी लाल झाली तर दवाखाना गाठावाच. परंतु लघवी स्वच्छ आली म्हणजे सुटलो, असे समजू नये. नुसत्या खरचटण्यानेही लघवी लालभडक होते, आणि मुख्य रक्तवाहिनीच तुटली तर कधी कधी थेंबभर रक्तही दिसत नाही. कुशीत दुखणे, सूज, काळानिळा डाग, चक्कर, घाम, गार हातपाय, यांपैकी काही दिसले तरी थांबू नये. जखमीस सपाट निजवावे. चोळू नये, शेकू नये, मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून देऊ नये. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडावरच ताण देतात. १०८ ला फोन करावा. जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे आणि गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगरची घाटी. १९५६ साली सुरू झालेले हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आपल्या भागाला नवे नाही.

"घाटीत नेले की किडनी काढतात" ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन काढला की इजा किती खोल आहे ते कळते. डॉक्टर तिच्या पाच पायऱ्या मानतात. ही मोजणी १९८९ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी ठरवली. बहुतेक इजा खालच्या पायऱ्यांच्या असतात. मूत्रपिंडाभोवतीच्या घट्ट आवरणात रक्त साठते, त्याचाच दाब पडून रक्तस्राव थांबतो. म्हणून पडून राहणे, सलाईन, आणि रक्ताची पुन्हा पुन्हा तपासणी एवढ्यावरच पुष्कळ लोक बरे होतात. रक्त थांबत नसेल तर जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी घालून तेवढीच फुटकी वाहिनी बंद करता येते. रक्तदाब सावरतच नसेल तर मात्र ऑपरेशनला पर्याय नाही. एक मूत्रपिंड गेले तरी दुसऱ्या निरोगी मूत्रपिंडावर माणूस जगतो.

ट्रॉलीखाली मांड्या, पाय बराच वेळ चेंगरले तर प्रकार निराळा. मूत्रपिंडाला धक्का न लागताही चिरडलेल्या स्नायूंतले द्रव्य रक्तात उतरून ते बंद पडू शकते. लघवी कोऱ्या चहासारखी होते. लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा ढिगाऱ्यांखालून काढलेल्या लोकांत डॉक्टर बायवॉटर्स यांनी १९४१ साली हे नोंदवले. अशा वेळी सलाईन जितक्या लवकर लागेल तितके बरे. शक्य तर माणूस बाहेर काढण्याआधीच.

आता एक अवघड गोष्ट. उचल घेतलेला मजूर खाडा पडेल म्हणून लाल लघवीबद्दल बोलतच नाही, आणि बाई असेल तर लाजेने मुळीच नाही. तेव्हा मार लागलेल्याला मुकादमाने आणि फडाच्या मालकाने स्वतःहून विचारले पाहिजे. बाईला घरातल्या बाईने विचारावे. खाड्याचा हिशेब मागून करता येतो.

घरी आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके आठवडे मोळी उचलणे, ट्रॅक्टर चालवणे बंद. ताप आला, पुन्हा लाल लघवी झाली, तर तसेच परत जावे. पुढे काही महिने प्राथमिक आरोग्य केंद्रात ब्लडप्रेशर मोजून घ्यावे, कारण दुखावलेल्या मूत्रपिंडामुळे ते मागाहून वाढू शकते.