राऊटरचे टेबल आणि सुताराची बोटे

तापीकाठचे बुऱ्हाणपूर हे विणकरांचे गाव. मागावर बसणारा प्रत्येक जण एक गोष्ट आरंभीच शिकतो: धोटा कोणत्या वाटेने धावतो हे ओळखावे आणि त्या वाटेत हात घालू नये. याच भागातील सातपुड्याच्या रानांत सागवान वाढते. तेव्हा विणकराप्रमाणे सुतारही येथे जुनाच. त्याच्या हाती आता राऊटर नावाचे विजेचे यंत्र आले आहे, आणि विणकराचा तो धडा त्यालाही तितकाच लागू पडतो.

राऊटर म्हणजे एक वेगवान मोटर. तिच्या टोकाला बसविलेले पाते, म्हणजे बिट, मिनिटाला सुमारे १०,००० ते २४,००० फेरे घेते. पटाशीने खोबण पाडण्यास किंवा दाराच्या चौकटीची कड गोलविण्यास जो वेळ लागे, तो याने पुष्कळच वाचतो. एरवी हे यंत्र हातात धरून लाकडावर फिरवितात. अरुंद पट्ट्यांसाठी मात्र ते टेबलाखाली उलटे टांगतात. बिट भोकातून वर डोकावते आणि लाकूड त्याच्यावरून सरकविले जाते.

टेबलाचा पृष्ठभाग सपाट असावा. पोलादी पट्टी उभी धरून तो पारखावा. पाय डळमळू नयेत. बिटाभोवतीचे भोक कडी बसवून शक्य तितके लहान करावे, नाहीतर लाकडाचे टोक त्यात अडकते. स्विच समोर, चटकन हाताशी येईल असा हवा. जेथे वीज जाते-येते तेथे तो असा घ्यावा, की वीज गेल्यावर आपोआप बंद होईल आणि ती परतली तरी दाबल्यावाचून यंत्र सुरू होणार नाही. अंधारात बिटाजवळ चाचपडणाऱ्या हाताचे रक्षण तोच करतो.

बिट बदलण्यापूर्वी प्लग काढावा. केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही. बिटाची दांडी किमान तीन चतुर्थांश आत जावी, पण तळाला टेकू नये. तळाला टेकवून मग दोनएक मिलिमीटर वर ओढावी आणि नट पक्का आवळावा. बिट जितके रुंद तितका वेग कमी ठेवावा. एका खेपेस ३ मिलिमीटरांहून अधिक लाकूड काढू नये. खोल खाच हवी असल्यास तीन-चार खेपा कराव्यात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिशेची. हातातल्या राऊटरचे बिट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. यंत्र उलटे टांगले की तेच बिट वरून पाहता उलट्या दिशेने फिरताना दिसते. मागे आडपट्टी आणि पुढे सुतार उभा असता बिटाची पुढची धार डावीकडून उजवीकडे धावते. म्हणून लाकूड नेहमी उजवीकडून डावीकडे, धारेच्या विरुद्ध सरकवावे. तसे केल्यास बिट लाकडाला आडपट्टीकडे दाबते आणि काम ताब्यात राहते. उलट दिशेने सरकविले तर बिट लाकूड खेचून भिरकावते, आणि ते धरणारा हात बिटाकडे ओढला जातो. लाकूड आडपट्टी आणि बिट यांच्या मधून कधीही घालू नये, तेही याच कारणाने.

बोटे बिटापासून वीतभर दूर असावीत. शेवटचा भाग ठोकळ्याने ढकलावा. लहान तुकडा यंत्रावर धरूच नये. मोठ्या फळीवर काम करून मग तो कापून घ्यावा. जुन्या घरातून निघालेल्या सागवानात खिळा दडलेला नाही ना, हे आधी पाहावे. सैल बाह्या, खांद्यावरचा पंचा आणि हातमोजे नकोत. चष्मा व कानांना संरक्षण हवे. धुळीसाठी मुखपट्टीही हवी. लाकडाच्या धुळीपासून कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदविले आहे.

पटाशी चुकली तर लाकूड बिघडते. राऊटर चुकला तर बोट जाते, आणि सुताराचे बोट म्हणजे त्याच्या घराची भाकरी. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी क्षणभर थांबून बिट कोणीकडे फिरणार आणि लाकूड कोणीकडून येणार, एवढे मनाशी निश्चित करावे. मागावरचा विणकर धोट्याविषयी जे जाणतो, ते सुताराने बिटाविषयी जाणावे.